अ‍ॅम्पच्या पाठीवरची दोन भोकं

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमची सरावाची खोली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी, आणि कोपऱ्यात भाड्याने आणलेला पन्नास वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. गिटार थेट जोडली की तो असा काही वाजायचा की वरच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा कधीकधी तक्रार करायच्या विसरत. मग मी एक डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं, पेडल घेतलं. अ‍ॅम्पच्या पाठीवर दोन भोकं होती, एकावर ‘सेंड’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘रिटर्न’. ‘डिले तिथेच लावायचा असतो’ एवढं ऐकून माहीत होतं. पायाशी ठेवलेल्या पेडलपर्यंत एक लांब केबल नेली, दुसरी परत आणली, आणि एक स्वर छेडला.

पेडल बंदच होतं, तरीही आवाजावर कुणी रजई टाकावी तसं झालं. तंबोऱ्याची जवारी उतरली की तार असते, सूर असतो, पण वरची ती झळाळी गेलेली असते. अगदी तसं. बेस वाजवणारा दादा आमच्यात वयाने मोठा. त्याने मान वर न करताच सांगितलं, “अरे, मागची भोकं बंदच ठेव. ती आवाज बिघडवायलाच केलेली असतात.”

मला ते पटलं नाही. कुणीतरी पत्र्याला मुद्दाम भोक पाडतो ते काहीतरी अडल्याशिवाय नाही. काय अडलं होतं, याचा माग काढत गेलो तर गोष्ट थेट टेपच्या काळात जाऊन पोचली.

आधी एवढं ध्यानात घ्या की गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दोन खोल्या असतात. पहिलीत, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये, पिकअपमधून आलेला किडमिडा विद्युत्प्रवाह वाढतो आणि त्याला रंगरूप मिळतं. दुसरीत, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पमध्ये, त्याला स्पीकरचा कागद हलवण्याइतकी ताकद येते. सेंड आणि रिटर्न मिळून जो लूप होतो, तो म्हणजे या दोन खोल्यांमधल्या भिंतीला पाडलेलं दार. आवाज पहिल्या खोलीतून बाहेर पडायचा, पेडलांमधून फिरून यायचा आणि दुसऱ्या खोलीत शिरायचा.

सुरुवातीला या दाराची गरजच नव्हती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय राज्यातल्या केरो गावच्या रे बट्स नावाच्या माणसाने एक अ‍ॅम्प बांधला, ‘एकोसॉनिक’. प्रतिध्वनीची टेप त्याने अ‍ॅम्पच्या पेटीतच बसवली होती. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सने तो घेतला, पुढे एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर यानेही घेतला. प्रतिध्वनी घरातच राहत होता, त्यामुळे त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न वाजवणाऱ्याला पडण्याचं कारण नव्हतं. ते बट्सने ठरवून टाकलं होतं.

मग प्रतिध्वनी घराबाहेर पडला. १९५८ मध्ये लंडनच्या चार्ली वॉटकिन्सचा ‘कॉपीकॅट’ आला, १९५९ मध्ये ओहायोतल्या माइक बॅटलचा ‘एकोप्लेक्स’. या वेगळ्या पेट्या गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये ठेवायच्या. अ‍ॅम्प स्वच्छ वाजत होते, आवाज फाटत नव्हता, म्हणून प्रतिध्वनी आधी आला काय किंवा नंतर आला काय, कानाला फारसा फरक पडत नव्हता.

या वंशावळीतला मला सगळ्यात आवडणारा पूर्वज म्हणजे फेंडरचा रिव्हर्ब. १९६१ मध्ये फेंडरने स्प्रिंगचा रिव्हर्ब एका स्वतंत्र पेटीत घालून विकला. ती पेटी अ‍ॅम्पच्या पुढे लागायची. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, ‘व्हायब्रोव्हर्ब’ या अ‍ॅम्पच्या पोटात तोच रिव्हर्ब गेला, आणि पाठोपाठ ‘ट्विन रिव्हर्ब’सारखे अ‍ॅम्प आले. आता स्प्रिंगची जागा बदलली होती. टोनची बटणं आणि व्हॉल्यूम संपल्यावर, पॉवर अ‍ॅम्पच्या अलीकडे. म्हणजे लूप नेमका जिथे असतो तिथेच. फक्त पत्र्याला भोकं नव्हती.

त्या सर्किटचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका ठिकाणी बोट थबकलं. मूळ कोरडा आवाज आणि स्प्रिंगमधून भिजून आलेला आवाज एकत्र करायचे, तर कोरड्या आवाजाच्या वाटेत अडथळा हवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या वाटेत घुसतात. फेंडरने तिथे ३३ लाख ओहमचा एक रोध ठेवला. एवढ्या मोठ्या रोधामागे आवाज पार क्षीण होतो, म्हणून पुढे तो परत उचलायला व्हॉल्व्हचा अर्धा भाग राखून ठेवला. आणि त्या रोधाला समांतर अवघ्या १० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला. त्यातून तीव्र स्वर अडथळा टाळून हळूच पुढे सरकतात. थोडक्यात, आवाज खाली उतरवा, मिसळा, पुन्हा वर चढवा आणि या ये-जा करण्यात वरची झळाळी हरवू नये याची तजवीज ठेवा. लूपमध्ये टोन जपायचा सगळा धडा त्या तीन भागांत लिहून ठेवलेला आहे. साठ वर्षं लोक तोच नव्याने शिकत आहेत.

पण मधल्या काळात आवाज फाटायला लागला. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंगच्या कन्सोलमधलं एक चॅनल बिघडलं आणि बेस घरघरल्यासारखा वाजला. रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडीने तो बिघाड फेकून न देता जपला, आणि त्यातूनच १९६२ मध्ये गिब्सनने ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आणलं. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातून त्याच सुमारास मोठाले अ‍ॅम्प बाहेर पडू लागले. ते बटण शेवटपर्यंत फिरवून वाजवायचे. पण त्यांचा आवाज फाटायचा तो मुख्यतः दुसऱ्या खोलीत, पॉवर अ‍ॅम्पमध्ये.

इथे एक अडचण उभी राहिली. प्रतिध्वनी आधी आणि फाटणं नंतर असं झालं की प्रतिध्वनीही फाटतो. हळू होत जाणारी प्रत्येक आवृत्ती मूळ स्वराशी एकाच चरकात पिळली जाते आणि चिखल होतो. रेकॉर्डवर मात्र तसं ऐकू यायचं नाही, कारण स्टुडिओत प्रतिध्वनी माइकच्या पलीकडे, कन्सोलवर घातलेला असायचा. आधी फाटलेला आवाज, मग त्याचा स्वच्छ पडसाद. माझा तर्क असा की लूपची मागणी अ‍ॅम्पवाल्यांनी नाही, रेकॉर्ड ऐकून ऐकून तयार झालेल्या कानांनी निर्माण केली. घरी रेकॉर्डवर जे ऐकलं ते रंगमंचावर का होत नाही, हा तो प्रश्न. आणि पॉवर अ‍ॅम्पमध्येच आवाज फाटत असेल तर त्या दोन खोल्यांमधल्या दाराचाही उपयोग शून्य. जुन्या मार्शलला आज लूप बसवून घेणारे बरेचजण इथे फसतात. बटण शेवटपर्यंत फिरवून वाजवायचं असेल, तर लूप असूनही डिले चरकात जाणारच.

चरकाची जागा बदलली ती कॅलिफोर्नियात. रँडल स्मिथ नावाच्या दुरुस्तीवाल्याने फेंडरचा एक छोटासा ‘प्रिन्स्टन’ अ‍ॅम्प थट्टा म्हणून आतून भलताच ताकदवान करून दिला. तो कार्लोस सान्तानाच्या हाती पडला आणि त्यातून ‘मेसा बूगी’चा जन्म झाला. स्मिथने पुढे काय केलं, तर पहिल्याच खोलीत व्हॉल्व्हच्या पायऱ्या एकापुढे एक लावल्या. प्रत्येक पायरीवर आवाज वाढतो, शेवटी तिथल्या तिथेच फाटतो, आणि नंतरच्या मास्टर व्हॉल्यूमने तो पाहिजे तेवढा हळू करता येतो. मार्शलनेही १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमचा अ‍ॅम्प काढला. आता फाटणं दाराच्या अलीकडे आलं होतं. दार उघडायला अर्थ आला.

बूगीच्या मार्क टू मालिकेत १९८० च्या सुमारास लूप आला. लगेच तक्रारीही आल्या. पहिल्या खोलीचं बटण जास्त फिरवलं की लूपमधली पेडलं गुदमरून स्वतःच फाटायची. कंपनीने मालिकेच्या शेवटच्या, ‘टू-सी प्लस’ नावाच्या अवतारात लूप सुधारला. मार्शलचं उदाहरण त्याहून गमतीचं आहे. जेसीएम ८०० मालिकेतल्या १९८२ च्या दोन चॅनलांच्या अ‍ॅम्पला लूप होता, पण ज्यावर लोक जीव टाकतात त्या एका चॅनलच्या २२०३ ला नव्हता. २००२ मध्ये २२०३ पुन्हा काढला तेव्हा त्याला लूप दिला. मधल्या वीस वर्षांत किती जणांनी आपल्या जुन्या २२०३ ला भोकं पाडून घेतली असतील आणि आता विकताना किंमत का येत नाही म्हणून हळहळत असतील!

१९८० चं दशक रॅकचं होतं. टीसी इलेक्ट्रॉनिकचा २२९०, लेक्झिकॉनचा पीसीएम ७०, दोन्ही १९८५ चे. स्टुडिओतली ही यंत्रं लोखंडी कपाटात बसवून रंगमंचावर आली. लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ नामांकित वादकांसाठी फ्रिजएवढी कपाटं आणि ती पायाने चालवायचे स्विचबोर्ड बांधून देत होता. स्टीव्ह लुकाथर त्याचं ठळक गिऱ्हाईक. अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनी लूप या कपाटांच्या बेताने केले. आजच्या दुखण्याचं मूळ मला इथे सापडतं.

स्टुडिओच्या यंत्रांना ‘लाइन लेव्हल’ची सवय. व्यावसायिक यंत्रांची पातळी अधिक चार, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची उणे दहा, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. दोहोंत जवळजवळ चौपटीचा फरक. हे झाले सरासरीचे आकडे, तारेवर जोरात आघात केला की शिखर त्याच्या कितीतरी वर जातं. याउलट पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. त्याला वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्ट, तेही पुरते नाहीत, एवढीच हालचालीला जागा. कपाटासाठी कापलेल्या अंगरख्यात पेडल घातलं तर ते बुडणार. उलट अ‍ॅम्पची पातळी कमी आणि पुढचं यंत्र मोठ्या पातळीचं असेल तर आवाज खालीच राहतो आणि सुसकारा तेवढा वर येतो. काही अ‍ॅम्पच्या पाठीवर ‘+४’ आणि ‘−१०’ असं लिहिलेला चिमुकला स्विच असतो तो याचसाठी. तो बघायचा राहिला म्हणून अख्खं पेडल बदललेली माणसं मला माहीत आहेत. त्यांत एक मी.

पुढे कपाटं गेली. पेडलं पुन्हा आली, आणि कधी नव्हती तेवढ्या संख्येने आली. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँग्स्टर आणि टीर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या चिपने टेपशिवाय विलंब शक्य केला होता. बॉसने १९८३ मध्येच डीडी-२ हा हातात मावणारा डिजिटल डिले काढला होता. पण अ‍ॅम्पच्या पाठीवरची भोकं कपाटाच्याच मापाची राहिली. घर भाड्याने देताना जुन्या भाडेकरूचे खिळे भिंतीत राहावेत तशी.

आता माझ्या नारायण पेठेतल्या रजईकडे येतो. तिचं कारण पातळी नव्हतीच, केबल होती. तो लूप अगदी साधा होता. पहिल्या खोलीतला शेवटचा व्हॉल्व्ह थेट भोकाला जोडलेला, मध्ये काही नाही. अशा ठिकाणी आवाज ५० हजार ओहमच्या आसपास रोधातून बाहेर येतो. गिटारची केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारण करते, पाण्याने भरलेल्या नळीसारखी. माझी जाणारी केबल सहा मीटर, बंद पेडल नुसतं पार करून पुढे परतीचे चार, म्हणजे सुमारे १००० पिकोफॅरड. हा रोध आणि ही धारणा मिळून गाळणी होते ती ३,२०० हर्ट्झच्या आसपास. गिटारच्या अ‍ॅम्पची झळाळी २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असते. म्हणजे मी जवारीच्या दोऱ्यावरच कात्री चालवली होती.

उपाय तसा जुनाच. भोकाच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह असा बसवायचा की तो आवाज वाढवत नाही, फक्त हातात जोर देतो. त्याला कॅथोड फॉलोअर म्हणतात. ५० हजार ओहम हजाराच्या आत आले की तीच गाळणी दीड लाख हर्ट्झच्या पलीकडे जाते. कुत्र्यालाही ऐकू येत नाही तिथे! कॅलिफोर्नियाच्या हॉवर्ड अलेक्झांडर डंबलने हेच स्वतंत्र पेटीत घालून विकलं, ‘डंबलेटर’ नावाने. त्याच्या ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’ अ‍ॅम्पचा लूप माझ्या भाड्याच्या अ‍ॅम्पसारखाच उघडा होता, पातळीही पेडलांना न झेपणारी. ‘डंबलेटर’मध्ये जाताना जोर मिळायचा, पातळी उतरायची, येताना पुन्हा चढायची. डंबल आपली सर्किटं कुणी नक्कल करू नये म्हणून काळ्या राळेत बुडवून ठेवत असे. तरीही नकला झाल्याच, आणि या साध्या डब्याच्याही झाल्या. पुढे जॉर्ज मेट्रोपौलोसने मार्शलच्या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये बसवायचा, मॉसफेट वापरणारा लूप काढला आणि नाव ठेवलं ‘झीरो लॉस’. नाव जरा धाडसी आहे. आवाज उतरवून चढवायचा म्हटलं की नाक्यावर जकात द्यावीच लागते. पण त्याने जकात इतकी खाली आणली की भांडायला जागा ठेवली नाही.

बफर, म्हणजे असाच फक्त जोर देणारा भाग, की ट्रू बायपास, या वादात मला फारसा रस नाही, पण तो टाळूनही चालत नाही. १९७० च्या दशकात डेव्हिड गिल्मरसारख्या वादकांसाठी पेडलबोर्ड बांधणारा इंग्लंडचा पीट कॉर्निश बफरचा कैवारी. बॉसची पेडलं बंद असतानाही आवाज त्यांच्या बफरमधून जातो. ट्रू बायपासवाले म्हणतात, पेडल बंद म्हणजे ते मध्ये नसल्यासारखंच, नुसती तार. खरं आहे. पण दहा पेडलं बंद असली की ती नुसती तार लांबत जाते, आणि लांब तार काय करते ते वर सांगितलंच. लूपमध्ये माझं मत सरळ आहे. सेंडच्या अगदी जवळ एक चांगला बफर, बाकी हवं ते.

काही अ‍ॅम्पवाल्यांनी लूप समांतर केला, म्हणजे कोरडा आवाज आतूनच सरळ जातो आणि बाहेरचा भिजलेला त्यात मिसळतो, फेंडरच्या रिव्हर्बसारखा. ऐकायला फार शहाणपणाची कल्पना वाटते. पण डिजिटल पेडल कोरडा आवाजही आपल्याबरोबर परत पाठवत असेल आणि आकड्यांत बदलून परत आवाज करायला त्याला एक मिलिसेकंद लागत असेल, तर दोन कोरडे आवाज एकमेकांना ५०० हर्ट्झवर खातात, मग १,५०० वर, मग २,५००. आवाजात कंगव्याचे दात पडतात. म्हणून समांतर लूपमध्ये पेडलातला कोरडा आवाज पूर्ण बंद करावा लागतो, आणि सगळ्या पेडलांत ती सोय नसते.

माझा अ‍ॅम्प भाड्याचा, त्यात काही बसवता येत नव्हतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक जेफेट ट्रान्झिस्टर, दोन जॅक आणि ॲल्युमिनियमची छोटी डबी आणली आणि घरीच डाख देऊन बफर केला. तो जमिनीवर ठेवायचा नाही, अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवायचा. सेंडपासून डबीपर्यंत वीतभर केबल, पुढे कितीही लांब. खात्री करायची साधी रीत आहे. सेंड आणि रिटर्न वीतभर केबलने थेट जोडा, एक स्वर वाजवा, केबल काढा, तोच स्वर वाजवा. मग पेडलांसह तेच करा. पहिल्यात फरक असेल तर दोष अ‍ॅम्पचा, दुसऱ्यात असेल तर तुमच्या पसाऱ्याचा. दादाने हा प्रयोग तीनदा करायला लावला, तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “बरं, उघडी ठेव भोकं.”

परवा बऱ्याच वर्षांनी तसल्याच एका खोलीत गेलो होतो. तिथे विशीतला एक मुलगा आला. त्याच्याकडे पेडलं नव्हती, पायाशी एकच सपाट यंत्र, त्यात अ‍ॅम्पसुद्धा आकड्यांत बनवलेले. त्याने त्याची केबल अ‍ॅम्पच्या पुढच्या भोकात घातलीच नाही. मागे वाकून सरळ रिटर्नमध्ये खुपसली. म्हणजे पहिली खोली, स्मिथच्या त्या सगळ्या पायऱ्यांसकट, रिकामी राहिली आणि लूपचं परतीचं दार हेच मुख्य दार झालं. आवाज छान होता. शेजारच्या सेंडच्या भोकात बोट फिरवलं तर कडेला धुळीची जाड वर्तुळाकार रेघ बसलेली होती.